नितळ पाणी

सन दोन हजार एक. त्या साली जानेवारीत कच्छचा भूकंप झाला. वस्तीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढं सगळे जमून पडलेली घरं बघायचे आणि हळहळायचे. आमच्या विहिरीला काय होतंय, याच्याकडं तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

कामथडीच्या शिवेला, हायवेपासून आत, ओढ्याच्या कडेनं आमची बौद्ध वस्ती. विहीर वस्तीची स्वतःची. जुन्या काळी आमच्या माणसांना दुसऱ्यांच्या विहिरीत पोहरा टाकता येत नव्हता. वरून कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. धम्म घेतला आणि पुढच्याच उन्हाळ्यात वस्तीनं पहारी काढून ही विहीर खणली. माझी सासू अक्काबाई तेव्हा कोवळी होती. माझे यजमान दादू कडेवरचं पोर. पोराला झाडाखाली निजवून तिनं मुरमाच्या पाट्या वाहिल्या. त्या पाट्यांखाली तिची मान एका अंगाला कलली ती कायमची. "माझ्या मानंचं पानी हाय ते," असं म्हणायची, आणि कुणी कळशी हिंदकळवली तर शिव्या द्यायची.

मी लग्न होऊन आले तेव्हा ओढ्यात लव्हाळे होते. दगड उचलला की खेकडा. पोरं पंच्यात मासे धरायची आणि आम्ही बायका धुणं आपटत एकमेकींच्या सासवांच्या नकला करायचो. हिवाळ्यात सकाळी त्या पाण्यावर वाफ धरायची आणि तिला हिरव्या गवताचा वास यायचा. आता हे सांगितलं तर नातवंडं हसतात.

मग वरच्या अंगाला सुताला रंग द्यायचा कारखाना आला. दादू तिथं रंगाच्या पिंपांवर लागला. संध्याकाळी घरी आला की मोरीत थुंकायचा. एक दिवस निळं, एक दिवस जांभळं. त्याच्या गळ्याच्या वळ्यांत रंग बसला होता, कानाच्या पाळीमागं, नखांत. मी दगडानं घासायची, तो ओरडायचा, रंग तसाच. उशीच्या खोळीवर त्याच्या डोक्याचा डाग उमटायचा. मला त्याच्या शेजारी निजायची शिसारी यायची आणि शिसारी येते म्हणून रडू यायचं.

ओढा रोज कारखान्यात जो रंग चालू असेल त्या रंगाचा. फेस तरंगायचा, काठाच्या दगडांवर मऊ काळी साय धरायची. पाय पडला की बुळबुळीत. खेकडे गेले, बेडूक गेले, म्हशी तोंड लावीनात. आणि भूकंपाच्या सालच्या उन्हाळ्यात ओढ्याचा पाझर विहिरीत उतरला. पहिल्यांदा अक्काबाईनंच पोहरा वर ओढला आणि तशीच उभी राहिली. आत गुळण्यांच्या पाण्यासारखं, फिक्कट लाल.

त्यानंतर आम्ही हायवेच्या कडेच्या हापशीवरून पाणी आणू लागलो. पण माझ्या जिवाला लागलं ते दुसरंच. माझी लेक शुभांगी हिर्डोशीला दिलेली. त्या उन्हाळ्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. तिचे सासरे बोलणी करायला आले. मी हापशीच्याच पाण्याचा चहा केला, पण भांडी विहिरीच्या पाण्यानं घासलेली. कपाच्या आत कडेनं लाल वर्तुळ होतं. व्याह्यांनी कप हातात घेतला, बघितला, खाली ठेवला.

"प्या की पाव्हणं," दादू म्हणाला.

"आत्ताच झालाय." मग दुसरीकडं बघत म्हणाले, "पोरगी आमी हितं न्हाई धाडायचो. पानी नीट झालं तर बगू."

हिर्डोशी म्हणजे घाटाच्या तोंडाशी. येस्टी आली तर आली. रात्रीअपरात्री बाईला कळा सुटल्या तर भोरपर्यंत आणायला झोळीच. मी रात्रंदिवस तेच बघत होते. झोळी, अंधार आणि माझी पोर.

त्याच दिवसांत यास्मिन मॅडम आल्या. मॅडम म्हणजे पंचविशीतली पोरगी, भोरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नूरुद्दीनभाईंची. पुण्याला कॉलेजात शिकत होती. सलवार पोटरीपर्यंत दुमडून कारखान्याच्या नाल्यात उतरली आणि जिथं काळाशार गाळ साचला होता तिथला गाळ बाटल्यांत भरू लागली. वस्तीतली पोरं नाक धरून काठावर उभी.

अक्काबाईनं विचारलं, "काय गं पोरी, ह्या घाणीचं लोणचं घालतीस व्हय?"

"घालीन की आजी. मुरलं की तुम्हालाच पहिल्यांदा देते," ती म्हणाली. अक्काबाईला ती तिथंच आवडली.

तिनं सांगितलं ते असं. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. रोज रंगात राहून राहून त्यांना रंग खायची सवय लागलीय. त्यांना हौदात वाढवायचं, शेणकाला आणि साखर कारखान्याची मळी पाजायची, वारा लागू द्यायचा नाही, की ते रंग मोडतात. "पण मावशी, रंग गेला म्हणजे अर्धंच काम झालं," ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. "रंग मोडला की त्याचे तुकडे उरतात. ते दिसत नाहीत आणि ते रंगापेक्षा वाईट. म्हणून दुसरा हौद. तिथले जंतू वेगळे, त्यांना हवा लागते. ते तुकडे खातात. दुसरा हौद झाल्याबिगर पाणी सोडायचं नाही."

कारखान्याच्या शेठला कुठून तरी नोटीस आली होती, म्हणून तो तयार झाला. हौद बांधले. पण हौदावर काम करायला कारखान्यातला एकही गडी तयार होईना. मग एका सकाळी सुपरवायझर संजय वस्तीवर आला. गावात नाही, दुसऱ्या वाडीत नाही, सरळ आमच्याकडं.

"दादूची बायको येईल का? शेण कालवायचं, ढवळायचं. तुमच्या लोकांना काय, त्रास व्हायचा न्हाई."

अक्काबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "आमच्या लोकांला नाक न्हाई व्हय रं?"

संजय हसला. "तसं न्हाई आजी—"

"तसंच हाय. मेलेली ढोरं वडायची सोडली आमी. माझ्या सासऱ्यानं दोर जाळला, ह्याच अंगणात. तुझ्या शेठला सांग, त्याच्या आयला बोलव ढवळाया."

तो गेल्यावर मी म्हणाले, "आत्या, मी जाते."

तिनं वाकड्या मानेनं माझ्याकडं असं बघितलं, की अजून आठवलं तरी अंगावर काटा येतो. "पगारासाठी?"

"हिरीसाठी. शुभांगीला आनायचीया."

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं माझ्या हातचं खायचं सोडलं. आपली भाकरी आपण थापायची.

त्या कामाची घाण कशी सांगू? शेण घाण नसतं, शेणात आमचा जन्म गेला. पण हौदाचं झाकण सरकवलं की सडलेल्या अंड्याचा वास तोंडावर थाप मारल्यासारखा यायचा. त्याखाली मळीचा गोडसर आंबूस वास, त्याखाली गटाराचा. वर काळपट जाड साय, तिच्यावर बुडबुडे. फुटले की ढेकर दिल्यासारखा आवाज. लांब बांबूनं सावकाश ढवळायचं, जोरात नाही. पहिल्या दिवशी मी बांबू सोडून गवतात ओकले. नंतर नुसती उबळ यायची. साडी तीनदा धुतली तरी वास जाईना. केसांत वास. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की बोटांना वास. मी चमच्यानं जेवू लागले, तर दादू म्हणाला, "सायबीण झालीस." आणि मग स्वतःच निळं थुंकून आला.

कारखान्यात चहा यायचा. बाकीच्यांना काचेचे ग्लास. मला प्लॅस्टिकचा कप, हौदाच्या कट्ट्यावर लांबून ठेवलेला. "वास येतो म्हनून गं," चहावाली अंबूबाई म्हणायची, "मनात काय आनू नकोस." मी मनात आणायचे. येस्टीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. हापशीवर बायका म्हणायच्या, "बाळाबाई, आदी तू भर बाई आन जा."

पण पाणी बदलत होतं. यास्मिन मॅडम रोज बाटली भरून उन्हात धरायची. आधी रक्तासारखं, मग डाळिंबाच्या सरबतासारखं, मग चहासारखं. दुसऱ्या हौदाचा हवेचा पंप दिवसरात्र घरघरायचा. वस्तीपर्यंत आवाज यायचा. आषाढात एका सकाळी तिनं बाटली माझ्या हातात दिली. आरपार माझी बोटं दिसली. मी ती बाटली पदराखाली घरी नेली आणि अक्काबाईपुढं ठेवली. तिनं बूच काढून वास घेतला, "हं" म्हणाली. त्या दिवशी मी केलेल्या कालवणात तिनं आपली भाकरी बुडवली.

आणि तेवढ्यात गेनबानं घोटाळा केला. गेनबा पंचायतीचा शिपाई. दर पावसाळ्यात टीसीएलची, पाणी शुद्ध करायची पावडर घेऊन शिवारातल्या सगळ्या विहिरींत टाकत फिरायचा, जुलाब होऊ नयेत म्हणून. आमच्या विहिरीत टाकली आणि जाता जाता उरलेला डबाच्या डबा पहिल्या हौदात उपडा केला. मी भाकरी खाऊन आले तर हा झाकण लावतोय.

पाणी एक दिवस फिकट दिसलं आणि दुसऱ्या दिवशी ओढा कुंकू कालवल्यासारखा. मॅडमनी डोकं धरलं. "गेनबाकाका, सगळे मारलेत तुम्ही!"

गेनबा घाबरला. "कुनाला?"

"जंतू!"

"आता गं बया," गेनबा म्हणाला. "मग तेच तर माजं काम हाय! पंचायत मला पगार कशाचा देती?"

यास्मिन कट्ट्यावर बसली आणि आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा नाल्यात उतरून गाळ आणला, पुन्हा शेण, पुन्हा मळी. त्या वेळी मी तिच्याबरोबर मांडीपर्यंत गाळात उतरले होते. श्रावण सरेपर्यंत पाणी परत आरपार झालं, आणि दसऱ्याच्या सुमाराला विहीरही.

दसऱ्यानंतर पाहणी झाली. पुण्याहून नोटीसवाले साहेब आले. शेठ आला, नाकाला अत्तराचा रुमाल लावून. मला सांगितलं होतं, "बाळाबाई, तू मागं ऱ्हा." अक्काबाईला मात्र नवं लुगडं नेसवून विहिरीवर उभी केली. तिनं पोहरा ओढला, फोटो निघाले. शेठनं काचेचा ग्लास भरून उन्हात धरला, सगळ्यांना दाखवला आणि हळूच कठड्यावर ठेवून दिला. प्याला नाही. अक्काबाई प्याली. डोळे मिटून, मान कलती धरून, पोटभर प्याली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग व्याह्यांना निरोप गेला आणि दिवाळीनंतर शुभांगी माहेरी आली. पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले, पण खुशीत. अक्काबाई रोज तिच्या अंगावर विहिरीचं पाणी ओतायची आणि प्रत्येक तांब्याबरोबर विहीर खणल्याची गोष्ट सांगायची.

एका दुपारी मी हौदावर निघाले आणि मध्येच थांबले. काहीतरी चुकत होतं. पंपाची घरघर येत नव्हती. मला वाटलं वीज गेली असेल. पण कारखान्यातल्या ट्यूबा पेटलेल्या. दुसरा हौद गप्प पडला होता, वर डासांची पोरं वळवळत होती, आणि पहिल्या हौदातलं पाणी त्याच्या शेजारून, नव्या पाइपातून, सरळ ओढ्यात जात होतं. नितळ. पण त्याला वास होता, जळक्या केसांसारखा, घशाला चिकटणारा.

"संजय, पंप का बंद?"

"कशाला लागतोय? पानी काचंवानी झालं की."

"मॅडम म्हनल्यात, दुसऱ्या हौदाबिगर—"

"मॅडमचं काम झालं. शेठनं त्यांला सांगितलंय, येऊ नका." त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हटलं, "तू ढवळ गप. शिकलीस व्हय जास्ती?"

मी दादूला सांगितलं. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. "कुनाला काय दिसतंय का? मग आपुन का बोलायचं? माझी पन नोकरी हाय थितं."

दुसऱ्या दिवशी येस्टीनं भोरला गेले. नूरुद्दीनभाईंच्या दुकानाच्या मागंच घर. यास्मिनच्या आईनं मला आत घेतलं, चांगल्या बशीतून चहा दिला आणि माझ्याजवळ येऊन बसली. वासाबद्दल कुणी बोललं नाही. मला आधी तेच सहन होईना. बशी हातात धरून मी नुसती बसले.

यास्मिनला पंपाचं सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. "मी भांडले मावशी. साहेबांना पण कळवलंय, पण ते कधी येतील कोण जाणे. ते पाणी पिऊ नका. आंघोळीला पण नको. लेकराला तर अजिबात नको."

"पन वस्ती पितीया. म्हशी पन पित्यात. लाल व्हतं तवर कुनी शिवत न्हवतं."

तिनं माझ्या हातातली बशी घेऊन खाली ठेवली.

मी म्हणाले, "मग लालच बरं व्हतं म्हन की."

परत येऊन मी घरोघर सांगितलं, पण नितळ पाणी बघून कुणी ऐकेना; शुभांगीला तेवढं हापशीचं देत राहिले. ती बाळंत झाली भोरच्या दवाखान्यात. पोरगा झाला. घरी आणला त्या सकाळी अक्काबाईनं अंगणात चूल पेटवून घंगाळभर पाणी तापवलं, विहिरीचं. मी हापशीचं आणून ठेवलं होतं, ते तिनं गुरांना घातलं. पाट मांडला, पाय लांब करून बसली. "आण माझ्या पणतूला. माझ्या हिरीच्या पान्यानं पयली आंगुळ."

वाफेतून तो जळक्या केसांचा वास आला. इतरांना येत नव्हता की त्यांना त्याची सवय झाली होती, देव जाणे. एवढे महिने हौदावर कालवलं, पण अशी किळस मला त्या काळ्या सायीचीही आली नव्हती. ते पाणी इतकं स्वच्छ होतं, की घंगाळाच्या तळाचा पोचा दिसत होता.

मी घंगाळ लाथेनं कलंडवलं.

चूल विझली, राख उडाली, पोर दचकून रडायला लागलं. अक्काबाई पाटावरून उठली आणि लेकीच्या, शेजारणींच्या समोर माझ्या तोंडात मारली. "माझ्या हिरीचं पानी उकिरड्यावर? गू ढवळून ढवळून डोस्कं नासलं तुझं!"

"आत्या, त्यात ईख हाय."

"कुठं हाय? दाव! दाव मला!"

दाखवणार काय? तेच तर होतं. दाखवायला काही नव्हतं. शेजारणी खाली वाकून घंगाळात उरलेलं पाणी बघत होत्या आणि माझ्याकडं वेडी झालेल्या बाईकडं बघावं तसं.

मी तशीच गेनबाकडं गेले. गालावर बोटं उठलेली. "गेनबा, टीसीएलचा डबा दे."

"आता कुनाला मारायचंय?"

"त्यास्नीच."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि दोन डबे आणून दिले.

दुपारची सुट्टी होती. सगळे कामगार सावलीला डबे खात बसले होते. मी भर उन्हात हौदाचं झाकण सरकवलं आणि दोन्ही डबे आत उपडे केले. नाकाडोळ्यांत आग झाली. बांबू घेतला आणि पहिल्यांदाच जोरजोरात ढवळलं, तळापासून. ज्यांना मी लेकरासारखं शेण-मळी पाजून वाढवलं, ते मेले. संजय जेवणाच्या हातानंच धावत आला. "काय टाकलंस? कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. म्याच टाकली. पुन्यांदा भरलास तर पुन्यांदा टाकीन."

"कामावरनं गेलीस तू! दादू पन गेला!"

दादू डबा उघडा टाकून उभा होता. मला वाटलं, आता हाही मारणार. त्यानं डब्याचं झाकण लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्या पुढं चालू लागला. वाटेत एकदाच म्हणाला, "मला आदी सांगायचंस तरी."

ओढा लाल झाला. मग काही दिवसांनी विहीर. अक्काबाई पोहरा भरून माझ्या पुढ्यात घेऊन आली, फिक्कट लाल पाण्याचा. "ह्ये तू केलंस."

"व्हय. आता दिसतंय का?"

तिनं पोहरा तिथंच सोडला. पाणी माझ्या पायांवरून वाहत गेलं. पण त्या दिवसापासून वस्तीतल्या एकाही बाईनं विहिरीचं पाणी घरात घेतलं नाही, आणि बाळाला हापशीच्या पाण्यानं आंघोळ घातली.

लाल ओढा बघून खालच्या गावांतली माणसं कारखान्याच्या फाटकावर गेली, साहेब पुन्हा आले, पंप पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद पडला. असं चार-सहा वर्षं चाललं. मग शेठनं कारखाना दुसरीकडं हलवला. ते पत्रे अजून तिथं गंजत आहेत आणि हौदांत बाभळी उगवल्यात. संजयनं हायवेला धाबा काढला. मी तिथं कधी पाणी प्याले नाही. गेनबा सेवेतून सुटला. मरेपर्यंत म्हणायचा, पंचायतीत एवढी वर्षं काढली पण जंतू मारायची शाबासकी एकाच बाईनं दिली. अंबूबाईचं पुढं काय झालं ठाऊक नाही. यास्मिन पुण्याला कॉलेजात शिकवते. नूरुद्दीनभाई गेल्यावर तिनं दुकानातलं एक भिंतीवरचं घड्याळ मला आणून दिलं, ते चालू आहे. दादू खोकून खोकून गेला. शेवटपर्यंत त्याच्या नखांच्या कडेला निळं होतं, चितेवरही होतं. शुभांगी हिर्डोशीला आहे, आणि ते पोर आता बापासारखं उंच झालंय, टेम्पो चालवतं.

अक्काबाई माझ्याशी वर्षभर बोलली नाही. मग बोलली, पण विहिरीचं नाव नाही काढलं. वस्तीत नळ आला, विहिरीवर जाळी बसली. अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मीच केलं. शेवटच्या दिवसांत एका सकाळी तिनं पाणी मागितलं. मी नळाचं फुलपात्र भरून ओठांशी नेलं. तिनं हातानं अडवलं, फुलपात्र उजेडाकडं वळवलं आणि वाकड्या मानेनं बराच वेळ आत बघत राहिली.

"नितळ हाय," ती म्हणाली. "आदी तू प्ये."

मी प्याले. मग ती प्याली.